आमच्या मुलींना ‘इको’ झोपडी नको, लाकडाचे पक्के वसतिगृह हवे!



चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका छोट्या निवासी शाळेत आम्ही काही वर्षांपासून काम करतो. पाचवी ते दहावी मिळून साठ मुले-मुली. बौद्ध, गोंड, माना, बुरुड, ढिवर, आणि काही भटक्या समाजांतली. मुलगे जुन्या इमारतीत झोपतात. सव्वीस मुली टिनाच्या शेडमध्ये झोपतात. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने पाहिला आहे त्याला यापुढे काही सांगायची गरज नाही. दहावीची परीक्षा मार्चमध्ये असते आणि मार्चमध्ये रात्री नऊ वाजताही त्या टिनाखाली बसवत नाही. मुली पुस्तके घेऊन व्हरांड्यातल्या एका बल्बखाली येतात. त्यांच्या मार्कांवर कुणी ‘गुणवत्ता’ या विषयाचे प्रवचन दिले की आम्हांला आधी तो बल्ब आठवतो.

गेल्या वर्षी शहरातून एक देणगीदार आणि त्यांच्यासोबत एक वास्तुरचनाकार आले. मुलींसाठी नवे वसतिगृह बांधून देतो म्हणाले. नकाशा सोबतच होता. गोल झोपड्या, कुडाच्या भिंती, गवताचे छप्पर, मधे अंगण, अंगणात तुळशीवृंदावनासारखे काहीतरी. म्हणाले, “मुलांची मातीशी नाळ तुटता कामा नये. हे शंभर टक्के नैसर्गिक आहे.”

बैठकीत आधी कुणी बोलले नाही. मग आमचे एक निवृत्त गुरुजी उठले. गळ्यात निळा गमछा, वय सत्तरीच्या पुढे. म्हणाले, “सर, माझा जन्म कुडाच्या घरात झाला. माझी आई आयुष्यभर त्या भिंती सारवत मेली. तुमचा जन्म कुठं झाला?”

वास्तुरचनाकार गप्प झाले. ते वाईट गृहस्थ नव्हते, हेही सांगितले पाहिजे. नंतर मागच्या रांगेतली नववीतली एक मुलगी उठली. तिने एकच विचारले, “सर, याचं दार आतून लागते का?”

हा लेख या दोन प्रश्नांवर आहे. पहिला प्रश्न इतिहासाचा आहे, दुसरा आज रात्रीचा आहे. लाकूड, बांबू आणि माती यांचे वसतिगृह बांधावे की नाही, यावर आपल्या चळवळीत सध्या दोन टोकांची मते ऐकू येतात. दोन्ही आम्हांला अपुरी वाटतात.

कुडाचे घर म्हणजे काय, हे आम्हांला शिकवू नका

पहिले टोक पर्यावरणवाल्यांचे. स्वतः सातव्या मजल्यावर राहायचे आणि आमच्या मुलांना गवताखाली झोपवून त्याला ‘शाश्वत’ म्हणायचे. यांना आमचा साधा सवाल आहे : कुडाची भिंत इतकी चांगली असेल तर सरकार तिला ‘कच्ची’ का म्हणते? २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेत कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर असलेली एक खोली ही वंचिततेची खूण धरली होती. रमाई आणि शबरी घरकुलासाठी आमच्या आयाबायांनी ग्रामपंचायतीचे उंबरठे झिजवले ते कशासाठी? कच्च्या यादीतून नाव निघावे म्हणून. पिढ्यान्पिढ्या गावकुसाबाहेर जे नाइलाजाने बांधले, त्यालाच आता ‘परंपरा’ म्हणून आमच्या लेकरांच्या माथी मारणार असाल, तर तुमची नाळ तुमच्याकडेच ठेवा.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाची झूल उतरवून ठेवली. खेडे हे आपल्या समाजासाठी रम्य चित्र कधीच नव्हते. आणि हॉस्टेल म्हणजे तरी काय? त्या खेड्यातून मूल बाहेर काढण्याची वाट. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. सभा स्थापन होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. हॉस्टेल ही धर्मशाळा नाही आणि निसर्ग-शिबिरही नाही, हे आपल्या पूर्वजांना शंभर वर्षांपूर्वी कळले होते. जातीच्या गावात ज्याला अभ्यासाला कोपरा मिळत नाही, त्याला तो मिळवून देणारी ती जागा आहे. त्यामुळे तिची इमारत फोटोत कशी दिसते हा प्रश्न शेवटचा.

पण स्लॅब म्हणजे मुक्ती नव्हे

दुसरे टोक आपल्याच माणसांचे. गुरुजींच्या प्रश्नावर टाळ्या वाजल्या तेव्हा कुणीतरी मागून म्हणाले, “बास! सिमेंटचीच बिल्डिंग पाहिजे.” ही भावना आम्हांला समजते. स्लॅब म्हणजे इज्जत, हे समीकरण आपण रक्त आटवून शिकलो. पण समीकरण भावनेने सुटत नसते.

सिमेंट काही आकाशातून पडत नाही. ते आपल्याच जिल्ह्यात, राजुरा-कोरपना पट्ट्यात बनते. चुनखडीच्या खाणी आपल्या शिवारात, कोळशाच्या खाणी आपल्या शिवारात, औष्णिक वीज केंद्राची राख आपल्या हवेत. जगभरात माणसामुळे जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो त्यातला सुमारे सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो. ती धूळ कुणाच्या पापडांवर, कुणाच्या पाण्याच्या हंड्यात बसते? पर्यावरण हा उच्चवर्णीयांचा छंद आहे असे म्हणून आपण तो विषय सोडून दिला, तर त्या धुळीवर बोलण्याचा आपला पहिला हक्कच आपण सोडून देतो.

दुसरे असे की, साधा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ओकतो. ज्या वेळी मुलीला झोप आणि अभ्यास हवा, नेमक्या त्या वेळी तो तापलेला असतो. हॉस्टेलची खोली दिवसा रिकामी असते कारण मुले वर्गात असतात. ती रात्री थंड हवी. हलक्या भिंती, उंच छप्पर, वर कवेलू, खाली तट्ट्यांची सिलिंग आणि मधे वारा खेळायला जागा अशी रचना असेल तर सूर्य मावळल्यावर ती लवकर निवते. लाकडी सांगाड्यावर ही रचना सहज बसते. हे भावनेचे नव्हे, उष्णतेचे गणित आहे.

“लाकूड कमजोर असते” असेही म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झाले ते आठवा. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांच्या अंगावर जाड दगड-मातीच्या भिंती पडल्या आणि छपरावरचा मातीचा ढीग पडला. त्याच भागात काही घरांच्या भिंती ढासळल्या तरी आतले लाकडी खांब आणि तुळया छप्पर तोलून उभ्या राहिल्या. २००५ च्या काश्मीरच्या भूकंपातही लाकडी चौकटीत भिंत भरलेल्या जुन्या ‘धज्जी’ घरांनी चांगला तग धरला. आडव्या-उभ्या लाकडांना तिरकी जोड दिली, सांधे नीट आवळले, तर सांगाडा हलतो पण पडत नाही.

म्हणजे गुरुजींचा प्रश्न लाकडाविरुद्ध नव्हता. त्यांचा प्रश्न होता : हे तुम्ही आमच्यासाठी चांगले म्हणून निवडले, की आमच्यासाठी एवढे पुरे म्हणून? झोपडी आणि लाकडी सांगाड्याची इमारत यांत तोच फरक आहे. झोपडीत खांब मातीत पुरतात, दोन पावसाळ्यांत तो खालून सडतो. इमारतीत दगडी जोते गुडघ्याच्या वर घेतात, खांब जमिनीला टेकू न देता लोखंडी बैठकीवर उभा करतात, वळचण तीन फूट पुढे काढतात म्हणजे भिंत भिजत नाही. झोपडीला हिशेब नसतो. इमारतीला भारतीय मानकाप्रमाणे हिशेब लागतो. लाकडी बांधकामासाठी आयएस ८८३ आहे, बांबूसाठी आयएस १५९१२ आहे. अभियंत्याची सही नसलेला नकाशा आम्ही टेबलावर घेणार नाही, मग त्यावर पाने-फुले कितीही काढलेली असोत.

आमचे सागवान कुठे जाते?

आता थोडे लाकडाच्या राजकारणाबद्दल. आमच्या जिल्ह्याचे सागवान देशभर नावाजलेले. इंग्रजांच्या काळापासून बाजारात त्याला ‘सीपी टीक’ म्हणतात. २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून ते वाजतगाजत अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेले. नव्या संसद भवनातले सागवानही विदर्भातून, नागपूरहून गेले. संसदेत लाकूड शोभले याचा आम्हांला आनंदच आहे. ती आमचीही संसद आहे. पण ज्या जंगलाच्या लाकडाने देशाची दारे होतात, त्या जंगलाच्या काठावरच्या शाळेतल्या मुली टिनाखाली झोपतात. हा योगायोग नाही, ही वाटणी आहे.

आणखी एक गंमत. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने जंगल वाचवायचे म्हणून सरकारी बांधकामात लाकूड वापरायला बंदी घातली. ती २०२० मध्ये उठली. या मधल्या काळात श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले सागवानी सोफे काही थांबले नाहीत. गोंड बाई डोक्यावर मोळी घेऊन निघाली की मात्र वनरक्षक आडवा. बांबू वनस्पतिशास्त्रात गवत आहे. १९२७ च्या वन कायद्याने तो ‘झाड’ ठरवला आणि वनाबाहेरच्या बांबूपुरती ती चूक २०१७ मध्ये दुरुस्त झाली. तेवढी नव्वद वर्षे बुरुडाने आपल्या कच्च्या मालासाठी परवान्याच्या रांगेत काढली. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून स्वतःच्या परवान्यावर बांबू विकला. रस्ता आहे. तो लढून काढावा लागतो.

म्हणून आमची पहिली अट अशी की वसतिगृहाचे लाकूड कुठून आले याची पावती हवी. वनविकास महामंडळाच्या डेपोतून, शेतातल्या लागवडीतून किंवा सामूहिक वनहक्काच्या गावातून, पण कागदासह. विनयपिटकात धनिय नावाच्या भिक्खूची कथा आहे. त्याने कुटीसाठी राजा बिंबिसाराचे लाकूड खोटे बोलून उचलले. भिक्खुसंघाचा चोरीविरुद्धचा नियम या प्रसंगातून आला. निवारा चांगल्या कामासाठी आहे म्हणून लाकूड कसेही आणलेले चालते, हे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच नाकारले. तोडलेल्या प्रत्येक झाडामागे लावलेली झाडे मोजली नाहीत तर ‘शाश्वत’ हा शब्द बोर्डावरून पुसून टाकावा.

आग, वाळवी आणि कुलूप

लाकडाबद्दलची खरी भीती आगीची आहे आणि ती थट्टेवारी नेण्यासारखी नाही. जुलै २००४ मध्ये तामिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत स्वयंपाकघराच्या गवती छपरावरून आग पसरली आणि ९४ मुले जळून गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यात चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राला मोठी आग लागली. ज्यांना बांबूतले सगळ्यात जास्त कळते त्यांच्या दारात हे घडू शकते, तर आमच्या दारात का नाही?

पण सगळे लाकूड सारखे जळत नाही. काडी, गवत, उघडा बांबू भडकतो. जाड तुळई वरून कोळसा होत जाते आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला झाकतो. मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या वेगाने ती आत जळते. म्हणजे अर्ध्या तासात दोन सेंटिमीटरच्या आसपास. तेवढी जाडी जास्तीची धरून तुळई निवडली तर छप्पर उभे असताना सव्वीस मुली बाहेर पडतात. उघडे लोखंड जळत नाही, पण साधारण साडेपाचशे-सहाशे अंशांना त्याची निम्मी ताकद जाते आणि ते वाकते. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत : गवत अजिबात नाही, बांबूच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी चुना-मातीचा जाड गिलावा, वायर लोखंडी नळीतून, स्वयंपाकघर वेगळे आणि लांब, प्रत्येक दालनाला समोरासमोर दोन दारे.

आणि इथे त्या नववीतल्या मुलीचा प्रश्न येतो. दार आतून लागते का? तिने हे का विचारले ते नंतर आमच्या ताईंनी तिच्याशी बोलून समजून घेतले. शेडच्या दाराची कडी मोडलेली आहे. रात्री मुलींच्या सुरक्षेसाठी म्हणून शेडला बाहेरून कुलूप लावतात. किल्ली चौकीदाराकडे असते, चौकीदार रस्त्याच्या पलीकडे झोपतो. रात्री कुणाला शौचाला जायचे असेल तर हाका मारायच्या. मासिक पाळीत मुली रात्रीचे पाणी पीत नाहीत.

वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचा. आग लागली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको. लाकूड, सिमेंट की टिन, हा वाद त्या कुलपापुढे फोल आहे. मुलींच्या ‘रक्षणा’साठी बाहेरून कडी लावायची ही अक्कल मनूच्या घरातली आहे आणि ती आपल्याही संस्थांत शिरली आहे, हे कबूल करायला आम्हांला लाज वाटते. या शाळेत आम्ही वर्षानुवर्षे गेलो, टिनाचा ताप पाहिला, कुलूप पाहिले नाही.

बैठकीनंतर त्या आठवड्यातच कडी दुरुस्त झाली, कुलूप काढले, एक ताई आत झोपायला लागल्या. त्यासाठी देणगीदार लागला नाही.

नव्या इमारतीत दार आतून लागेल, बाहेरून लागणारच नाही. खिडकीचे गज आतून उघडणाऱ्या चौकटीत असतील. शौचालय आणि न्हाणीघर त्याच छपराखाली, त्याच जोत्यावर असेल. प्रत्येकीला खाट असेल. २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंके समितीने आश्रमशाळांतल्या मृत्यूंचा अहवाल दिला. पंधरा वर्षांत हजारावर आदिवासी विद्यार्थी गेले, त्यांत साप-विंचू चावून गेलेलेही होते. जमिनीवर सतरंजी टाकून झोपवणे म्हणजे साधेपणा नव्हे, तो गुन्हा आहे.

हात कुणाचे, नाव कुणाचे?

त्या बैठकीत आणखी एक माणूस होता. एका विद्यार्थिनीचे वडील, बुरुडकाम करणारे. नकाशा हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बांबू कोणत्या महिन्यात तोडणार?” नकाशात ते लिहिलेले नव्हते. त्यांनी सांगितले ते असे : पावसाळ्यात कोवळ्या बांबूत गोडवा असतो, त्याला कीड धरते, तीन वर्षांच्या वरचा बांबू थंडीत तोडायचा, पाण्यात मुरवायचा, सावलीत वाळवायचा. आजचे शास्त्र यात बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी मिळवते, वाळवी आणि भुंग्यासाठी. बाकी सगळे तेच आहे.

महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बुरुड आहेत. त्यांचे ज्ञान सुपा-टोपलीच्या दरात विकले जाते. तेच ज्ञान शहरातल्या फर्मच्या सादरीकरणात गेले की त्याला ‘डिझाइन’ म्हणतात आणि त्याची फी लागते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही शिकलो की श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत फरक आहे, आणि तो बाबासाहेबांनी दाखवून दिला. इमारतीच्या बाबतीत तो असा दिसतो : डोके एका जातीचे, हात दुसऱ्या जातीचे, पाटी तिसऱ्याची.

म्हणून आमचे म्हणणे आहे की या वसतिगृहाच्या बांधकाम समितीवर ते बुरुड दादा मानधन घेऊन बसतील, सल्लागार म्हणून. गावचे सुतार मुख्य कारागीर म्हणून, रोजंदारी मजूर म्हणून नव्हे. तट्टे विणणाऱ्या बायांना नगावर नव्हे, दिवसावर मजुरी. नववी-दहावीच्या मुला-मुलींना मोजमाप आणि हिशेब शिकवा, सांधा कसा बसतो ते दाखवा. पण ‘श्रमसंस्कार’ म्हणून त्यांच्याकडून विटा वाहून घेणे बंद. आमच्या लेकरांवर श्रमाचे संस्कार जन्मतःच झालेले असतात. त्यांना सुट्टी द्या.

आणि देखभाल. लाकडाचे घर म्हणजे एकदा बांधले की विसरले असे नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, जोत्याभोवती वाळवीचा माग शोधायचा, तेलाचा हात द्यायचा. बांधकामाच्या खर्चातच पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम बँकेत ठेवावी. फीत कापून निघून जाणारा दाता आम्हांला नको.

सध्या कुठे आहोत

या सगळ्या अटी आम्ही लेखी दिल्या. देणगीदारांना ‘कृतज्ञता’ कमी वाटली. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे. वास्तुरचनाकार मात्र दोन महिन्यांनी एकटेच परत आले. गोल झोपड्या गेल्या होत्या. लांबट, उंच जोत्याची, सागवानी सांगाड्याची इमारत त्यांनी काढून आणली होती. दोन दारे, कडी आतून. बुरुड दादांसोबत ते दुपारभर बसले, त्यांचे म्हणणे लिहून घेतले. निघताना गुरुजींना म्हणाले, “सर, माझा जन्म दवाखान्यात झाला आणि वाढलो सोसायटीच्या फ्लॅटमध्ये.” गुरुजी हसले. म्हणाले, “मग पाहा, स्लॅबखाली शिकूनसुद्धा लाकूड शिकता येते.”

पैसा पूर्ण नाही. टिनाचे शेड अजून उभे आहे आणि पुढचा मार्च फार लांब नाही. समाज कल्याण आणि आदिवासी विकास विभागाकडे अर्ज केले आहेत, पाठपुरावा सुरू आहे, कारण ही जबाबदारी आधी शासनाची आहे. दान हा हक्काला पर्याय होऊ शकत नाही.

पण बंधू-भगिनींनो, आपलीही काही जबाबदारी आहे. आपल्या समाजात आज स्थापत्य अभियंते आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, लेखापरीक्षक आहेत, वनखात्यात नोकरीला असलेले आहेत. जुने कपडे आणि वह्यांचे गठ्ठे खूप झाले. तुमचा एक रविवार द्या, नकाशा तपासा, अंदाजपत्रक तपासा. १४ एप्रिलच्या डीजेच्या वर्गणीतून एका तुळईचे पैसे बाजूला काढा. आणि तुमच्या गावाजवळ कुठलेही वसतिगृह असेल, लाकडाचे असो की सिमेंटचे, तर आज रात्री तिथे जा आणि पाहा : मुलींच्या दाराला कडी कोणत्या बाजूने आहे?

जयभीम! जय भारत!